मुलांच्या आकडीची मार्गदर्शक सूत्रं आपल्या वॉर्डसाठी बेतताना

आधी ठरवा काय बदलायचं नाही. पाच मिनिटांची मर्यादा (आकडी तेवढी चालली की औषध) आणि किलोमागचा डोस, या दोहोंना हात लावू नका. औषध कोणतं, कुठून द्यायचं आणि कोणी द्यायचं, हे मात्र आपल्या कपाटात काय आहे आणि रात्री दोन वाजता कोण हजर असतं, त्यावर ठरतं.

म्हणून सुरुवात कपाटापासून. आकडी थांबवणारी पहिली औषधं म्हणजे लोराझेपाम आणि मिडाझोलाम. लोराझेपाम फ्रिजमध्ये ठेवावं लागतं; फ्रिजचा भरवसा नसेल तर भिंतीवरच्या तक्त्यात मिडाझोलाम पहिलं. त्याचे प्रति मि.लि. १ आणि ५ मि.ग्रॅ. असे दोन्ही अँपूल (काचेच्या कुप्या) शेजारी ठेवले, की घोळ ठरलेलाच. १२ किलोचं मूल घ्या. नाकातून ०.२ मि.ग्रॅ. प्रति किलो म्हणजे २.४ मि.ग्रॅ. पाचच्या अँपूलमधून ते जेमतेम अर्धा मि.लि. होतं, दोन्ही नाकपुड्यांत निम्मं-निम्मं. एकच्या अँपूलमधून तेच २.४ मि.लि.; बहुतेक घशात उतरतं आणि आकडी चालूच. एकचा समजून पाचचा भरला, तर पाचपट डोस. तेव्हा तक्ता मि.ग्रॅ.मध्ये नको. वजनाचे टप्पे पाडून थेट मि.लि. लिहा, कोणत्या अँपूलमधून तेही.

आकडी दिसताच घड्याळ बघणं, कुशीवर वळवणं, ऑक्सिजन, रक्तातली साखर तपासणं. साखर कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन). काही सूत्रांत २, काहींत ५ मि.लि. प्रति किलो आहे, दोन्ही छापू नका, एक निवडा. पाचव्या मिनिटाला पहिला डोस. शिरेत सुई आधीच लावलेली असेल तर लोराझेपाम ०.१ मि.ग्रॅ. प्रति किलो, जास्तीत जास्त ४ मि.ग्रॅ. नसेल तर शीर शोधत बसू नका. मिडाझोलाम स्नायूत, नाकात किंवा गालात. थांबली नाही तर पाच मिनिटांनी दुसरा आणि शेवटचा. घरी किंवा रुग्णवाहिकेत दिलेला डोस यातच मोजा.

श्वास थांबेल या धास्तीनं अर्धा डोस देण्याची सवय सगळीकडे आढळते. अर्ध्यानं आकडी थांबत नाही, मग पुन्हा अर्धा, आणि तोवर घड्याळ पुढे गेलेलं. पूर्ण डोस द्या, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) उशाशी ठेवा.

दोन्ही डोसांनी आकडी थांबली नाही, तर पुढच्या टप्प्यासाठी लेव्हेटिरासेटाम ६० (कमाल ४५०० मि.ग्रॅ.), फॉस्फेनिटॉइन २० (कमाल १५०० मि.ग्रॅ.) किंवा व्हॅल्प्रोएट ४० मि.ग्रॅ. प्रति किलो (कमाल ३००० मि.ग्रॅ.). २०१९ च्या मोठ्या चाचणीत तिन्हींनी साधारण निम्म्या रुग्णांची आकडी थांबवली, त्यामुळे जे हाताशी आहे ते निवडायला हरकत नाही. फक्त दोन वर्षांखालच्या मुलात चयापचयाच्या किंवा यकृताच्या आजाराची शंका असेल तर व्हॅल्प्रोएट टाळा. साधं फेनिटॉइनच असेल तर ते नॉर्मल सलाईनमध्येच. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे स्फटिक होतात. वेग मिनिटाला १ मि.ग्रॅ. प्रति किलोच्या वर नको, म्हणजे पूर्ण डोसला किमान वीस मिनिटं, ईसीजी मॉनिटर लावून. घाईत ढकललं तर रक्तदाब आणि ठोके कोसळतात.

नवजात बाळांचं पान वेगळं करा. तिथे पहिलं औषध फेनोबार्बिटल, २० मि.ग्रॅ. प्रति किलो.

भिंतीवर लावण्याआधी रात्रपाळीच्या परिचारिकेकडून बाहुलीवर सराव करून घ्या आणि हाक मारल्यापासून औषध आत जाईपर्यंतची मिनिटं मोजा. कुलपाची किल्ली शोधण्यातच तीन गेली, तर किल्लीची जागा बदला. खरेदीत वेगळ्या तीव्रतेचा अँपूल आला, की जुना तक्ता त्याच दिवशी उतरवा.