कोच कसा गेला यावर वाद घालायचा असेल, तर

अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या टस्कलूसात नव्यानं राहायला येणाऱ्या मराठी मंडळींना घरभाडं, गाडीचा विमा आणि मुलांची शाळा एवढं सांगून झालं की मी चौथी गोष्ट सांगतो. अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच निक सेबन यांच्या २०२४ मधल्या निवृत्तीबद्दल इथं तुम्हाला कुणीतरी मत विचारणारच. न्हाव्याकडे विचारतील, दवाखान्यात नंबर लावून बसलात तर शेजारचा विचारेल. 'मला त्यातलं काही कळत नाही' म्हणालात तर कुणी रागावणार नाही, पण ओळख मग हवापाण्याच्या पुढे सरकत नाही. या संघाच्या ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये १,००,०७७ माणसं बसतात आणि गावाची वस्तीही साधारण तेवढीच आहे. यावरून समजा.

मी २००९ पासून इथं आहे, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला. आमच्या जेवणाच्या टेबलावर हा वाद सेबन गेले त्या दिवसापासून चालू आहे. तो ऐकता ऐकता, त्यात पडता पडता, नीट कसा घालावा हे मला थोडंफार उमगलंय.

आधी तारखा पाठ करा. निम्मी भांडणं तारखा चुकल्यामुळेच होतात. १ जानेवारी २०२४ ला रोझ बोलमध्ये (बोल म्हणजे मोसमाअखेरचा मानाचा सामना), त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपांत्य सामन्यात, अलाबामा मिशिगनकडून जादा वेळेत २७-२० असं हरलं. शेवटचा चेंडू गोलरेषेपासून तीन यार्डांवर होता. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, जेलन मिलरो तो घेऊन स्वतःच घुसला आणि आडवा झाला. १० जानेवारीला, बुधवारी, सेबन यांनी संघाला बोलावून सांगितलं की मी थांबतोय. १२ तारखेला नवे कोच म्हणून केलन डिबोर यांचं नाव जाहीर झालं. त्यामुळे 'हरल्या हरल्या पळाला' असं कुणी म्हणालं तर मधले नऊ दिवस दाखवा, आणि 'मोसम अर्धवट सोडला' म्हणालं तर मोसम संपला होता हे सांगा.

आणखी दोन तारखा जवळ ठेवा. शाळेतून येणारी मुलं ज्या दिवसापासून कॉलेजशी सही करू शकतात, तो दिवस त्या वर्षी २० डिसेंबर होता. आणि एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची जी यादी असते, तिला इथं पोर्टल म्हणतात, तिची नेहमीची मुदत २ जानेवारीला संपली होती. मात्र कोच गेला तर त्या एका संघाच्या खेळाडूंना तीस दिवसांची वेगळी मुदत मिळते, असा तेव्हाचा नियम होता. खरा वाद इथंच आहे. सेबन यांच्याकडे बघून डिसेंबरात सही केलेल्या पोरांना तीन आठवड्यांत कळलं की सेबन नाहीत, आणि त्याच क्षणी इतर सगळ्या कॉलेजांना अलाबामाचं दार उघडं दिसलं. आमच्या संघातला केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला, आयझाया बॉन्ड टेक्ससला. केडिन प्रॉक्टर आयोवाला गेला आणि परत आला.

तारखा हातात आल्या की समोरचा नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते ओळखा. जावं की नाही हा एक प्रश्न, कधी जावं हा दुसरा, आणि मागचं कुणाच्या हाती सोपवून जावं हा तिसरा. लोक एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडावर फेकतात. पहिल्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. सेबन बहात्तर वर्षांचे होते, इथं सतरा मोसम झाले होते, इथली सहा आणि त्याआधी एलएसयूचं (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचं) २००३ चं एक अशी सात राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर होती. नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं की रोझ बोलनंतर काही खेळाडूंचं वागणं त्यांना लागलं, आणि पुढच्या वर्षाचं बोलायला बसलं की बरेच जण खेळायला किती मिळेल आणि पैसे किती मिळतील एवढंच विचारत होते. वयही त्यांनी लपवलं नाही. अशा माणसाला 'अजून एक वर्ष थांबायला हवं होतं' म्हणायचा हक्क मला कुणालाही द्यावासा वाटत नाही.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र जुने दाखले लागतात, आणि ते पक्के हवेत. नेब्रास्का विद्यापीठाचे कोच टॉम ऑस्बोर्न यांनी डिसेंबर १९९७ मध्ये, शेवटच्या सामन्याच्या आधीच, निवृत्ती आणि वारस दोन्ही जाहीर केलं. मग ऑरेंज बोलमध्ये टेनेसीला ४२-१७ असं हरवून विजेतेपदाचा वाटा घेऊन घरी गेले. याहून देखणा निरोप नाही, असं नेब्रास्काची माणसं सांगतात. पण वारस फ्रँक सोलिच यांचं काय झालं तेही विचारा. सहा मोसमांत ५८ विजय, १९ पराभव, आणि २००३ मध्ये नऊ सामने जिंकलेल्या वर्षी त्यांना काढलं. फ्लोरिडा स्टेटनं उलटं करून पाहिलं. २००७ मध्येच जिंबो फिशर यांना पुढचा कोच ठरवून ठेवलं. दोन वर्षांनी तेव्हाचे कोच बॉबी बाऊडन यांना आणखी एक मोसम हवा होता, तो मिळाला नाही. चौतीस वर्षं जिथं काढली तिथून वारसासाठी जागा करून देत निघावं लागलं. म्हणून सेबन यांनी वारस नेमला नाही, या आक्षेपावर मी ठामपणे त्यांच्या बाजूनं उभा राहतो. गादी कुणाची हे जाणाऱ्यानं ठरवलं की नवा माणूस पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या सावलीत उभा असतो.

अलाबामात बोलताना एक दाखला तुम्ही स्वतः काढू नका, समोरच्याला काढू द्या. तो म्हणजे अलाबामाचे जुने कोच बेअर ब्रायंट. आमच्या लाइनवर एक वेल्डर आहे, आता निवृत्तीला आलेला. ब्रायंट यांनी १५ डिसेंबर १९८२ ला जाहीर केलं, २९ तारखेला मेम्फिसमध्ये लिबर्टी बोलला इलिनॉयला २१-१५ हरवलं, आणि २६ जानेवारीला हृदयविकारानं गेले. शेवटच्या सामन्यानंतर अठ्ठाविसाव्या दिवशी. अंत्ययात्रा टस्कलूसाहून बर्मिंगहॅमला हायवेनं गेली तेव्हा पुलापुलांवर माणसं उभी होती. त्यातल्या एका पुलावर वडिलांचा हात धरून हा वेल्डर उभा होता. २०२४ च्या त्या बुधवारी बातमी आली तेव्हा टेबलावरचे तरुण तावातावानं बोलत होते. यानं डोक्यावरची किरमिजी टोपी काढली, टेबलावर पालथी ठेवली, दोन्ही हातांनी तिची कड सारखी करत राहिला. खूप वेळानं म्हणाला, "कोच आपल्या पायांनी घरी गेला. मला तेवढं पुरे." त्यानंतर त्या दिवशी तरी कुणी पोर्टलचं नाव काढलं नाही. इथल्या साठीपुढच्या माणसाशी वाद घालताना हे लक्षात ठेवा. तुम्ही सेबनवर बोलत असाल, तो पुलावर उभा असतो.

आता मधला प्रश्न, कधी जावं हा. यात माझं मत सेबन यांच्या पूर्ण बाजूनं नाही. माझी मुलगी एका प्राध्यापकांच्या हाताखाली शिकायचं म्हणून दुसऱ्या राज्यात गेली. ती पोचली त्याच महिन्यात ते प्राध्यापक विद्यापीठ सोडून गेले. फी भरलेली, घराचा करार केलेला, आणि रात्री फोनवर ती काहीच बोलत नव्हती. तेव्हापासून 'मुलांनी कॉलेज निवडावं, कोच नाही' हे वाक्य माझ्या गळ्याखाली उतरत नाही. सतरा-अठराव्या वर्षी मूल माणूसच बघतं. म्हणून हा मुद्दा टेबलावर मी सोडत नाही. पण लगेच उलट बाजूही मांडा, नाहीतर वाद एकांगी होतो. डिसेंबरात सांगितलं असतं तर? ऑस्बोर्न आणि ब्रायंट यांनी तसंच केलं आणि दोघंही जिंकले. फक्त त्यांच्या काळात पोर्टल नव्हतं. उपांत्य सामना तोंडावर असताना ही बातमी फुटली असती तर संघ किती शाबूत राहिला असता, सांगा. माझ्या हिशेबात माणसापेक्षा वेळापत्रकाचा दोष जास्त निघतो. तरी डिसेंबरातली ती सही मला टोचते, आणि ती टोचते असंच मी म्हणतो.

गावाबाहेर नजर टाकायला विसरू नका. सिएटलकडे राहणाऱ्या माझ्या मित्राचा १२ तारखेला फोन आला. आवाज पडलेला. डिबोर त्याच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे कोच. ८ जानेवारीला ते अंतिम सामना मिशिगनकडून ३४-१३ हरले, आणि चार दिवसांत कोच आमच्याकडे. मग वॉशिंग्टननं ॲरिझोनाचे जेड फिश घेतले, ॲरिझोनानं सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन. एका माणसानं शिट्टी खाली ठेवली आणि आमच्याशिवाय आणखी तीन ठिकाणच्या पोरांना नवा कोच आला. हा मुद्दा टस्कलूसात फारसा कुणी काढत नाही, तुम्ही काढा.

२०२४ च्या निकालांचा पुरावा मात्र मांडू नका. व्हँडरबिल्टकडून ४०-३५ हरलो, वर्ष नऊ विजय, चार पराभव असं गेलं, हे सगळं खरं. त्यावरून डिबोर यांच्याबद्दल बोलता येतं. सेबन यांनी जावं की नाही याचं उत्तर त्यात नाही.

ऑबर्नचा, म्हणजे राज्यातल्या आमच्या प्रतिस्पर्धी विद्यापीठाचा माणूस टेबलावर असेल तर त्याला आधी बोलू द्या. त्याचं दुःख वेगळं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, एकतीस यार्ड हवे असताना मिलरोनं टाकलेला पास आयझाया बॉन्डनं टचडाऊनसाठी झेलला आणि ऑबर्न २७-२४ हरलं. सेबनना हरवायची पुढची संधी आता त्यांना कधीच मिळणार नाही.

आपल्या माणसांत बोलताना सचिनचा दाखला हमखास येतो. येऊ द्या. सचिननं १० ऑक्टोबर २०१३ ला सांगितलं, म्हणून वानखेडेला तयारीला महिना मिळाला. सेबन यांनी तो महिना दिला नाही. घरच्या मैदानावरचा त्यांचा शेवटचा सामना १८ नोव्हेंबर २०२३ चा, चॅटनूगाविरुद्ध, ६६-१०. मी होतो तिथं. सामना केव्हाच हातात आला होता, पार्किंगची गर्दी टाळायची म्हणून तिसऱ्या क्वार्टरनंतर मुलाला घेऊन उठलो. जिना उतरताना मागं वळून पाहिलं नाही. शेवटचं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. कोचनं कधी जावं यावर कुणी माझं मत विचारलं की मी आधी हे सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्यात हळहळ किती आणि विचार किती हे समोरच्याला कळतं. तुमचीही अशी एखादी गोष्ट असेल तर ती आधी सांगून टाका.

आणि वाद कुठं घालायचा नाही तेही सांगतो. स्टेडियमबाहेर सेबन यांचा पुतळा आहे, तिथं नाही. १० तारखेच्या संध्याकाळी आम्ही सगळे गेलो होतो. सकाळच्या न्याहारीला ते लिटल डेबीचे ओटमील क्रीम पाय (मधे क्रीम भरलेली ओटची बिस्किटं) खातात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, म्हणून पुतळ्याच्या पायाशी त्यांचा ढीग लागला होता, कोकच्या बाटल्या होत्या, फुलं होती. थंडीनं प्लॅस्टिकची वेष्टनं कडकडत होती. मुलानं खिशातून एक क्रीम पाय काढला, कुठं ठेवू म्हणून माझ्याकडे बघितलं, आणि मग बुटाच्या टोकापाशी नीट उभा करून ठेवला.