पन्हळीला जाळी बसवताय? आधी वरचं झाड बघा

गटर गार्ड म्हटलं की आपल्याकडं रस्त्याकडेचं गटारच डोळ्यापुढं येतं, पण मी बोलतेय ते छपराच्या पन्हळीबद्दल आणि तिच्यात पाला जाऊ नये म्हणून वर बसवतात त्या जाळीबद्दल. मे महिना लागला की सगळ्यांना एकदम हेच सुचतं आणि मग फॅब्रिकेटर मिळत नाही, म्हणून एप्रिलमध्येच वाचून घ्या.

आमचं घर कोल्हापुरात फुलेवाडीकडं, जुनं मंगलोरी कौलांचं, मागं चिंच आणि पुढं गुलमोहर. तीन वर्षांपूर्वी मी बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून एसएसची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची, एकदम बारीक जाळी लावून घेतली, खिडकीला मच्छरजाळी असते ना तेवढी बारीक, आणि बसवणाऱ्यानंही सांगितलं की आता दहा वर्षं बघायला नको. पहिला वळीव आला आणि पाणी जाळीतनं खाली जायच्या ऐवजी वरनंच घसरून भिंतीवर यायला लागलं, पंधरा मिनिटांत देवघराच्या भिंतीला हातभर ओल. पाऊस थांबल्यावर शिडी लावून चढले, जाळीवर बोट फिरवलं तर काळा लेप, ओल्या काजळासारखा, आणि जाळीची घरं सगळी बुजलेली.

ते काय होतं माहितीय? उसाची राख. गळीत हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चपर्यंत, आसपासच्या शिवारात फड पेटवतात, पाचट जाळतात, त्याची काळी पापुद्र्यासारखी राख उडत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. तीच राख पन्हळीच्या जाळीवर पडते, त्यात उन्हाळ्याची धूळ मिसळते, आणि पहिल्या पावसात चिखल होऊन बसते. जिथं बर्फ पडतो, थंडीच्या आधी मॅपलची पानं आणि पाईनच्या सुया गळतात, तिथं बारीक जाळीला अर्थ आहे, तिथला प्रश्न वेगळा, पन्हळीत पाणी गोठायची भीती वेगळी. आपल्याकडं राख, धूळ आणि मग जून-जुलैची धार. त्यामुळं जाळी जितकी बारीक तितकी चांगली हे डोक्यातनं काढून टाका.

आमचे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांनी तेव्हा एकच सांगितलं, “पाणी आत जाऊ दे, पाला तेवढा बाहेर राहू दे.” मला तेच बरोबर वाटतं. बारीक कचरा आत गेला तर जाऊ दे, पन्हळीला उतार असेल आणि खालचा पाईप चार इंची असेल तर तो पाण्याबरोबर निघून जातो.

आता झाडाप्रमाणं बघायचं. आंबा, फणस, वड असली मोठ्या पानांची झाडं असतील तर पाच-सहा मिमी भोकांचा पंचिंग केलेला पत्रा पुरतो, अॅल्युमिनियमचा घ्या, गंजत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, चौकशी केली तर पाहिजे त्या रुंदीत कापून मिळतो. चिंच, गुलमोहर, सुबाभूळ असली बारीक पाल्याची झाडं असतील तर एसएस ३०४ ची विणलेली जाळी, ८ मेशची, म्हणजे एका इंचात आठ घरं, घर साधारण अडीच मिमीचं पडतं. गुलमोहराचं सुटं पान त्यातनंही कधीकधी निसटतं, पण गुंतून बसणाऱ्या काड्या आणि शेंगा अडतात, आणि पाईप तुंबवतात त्या काड्याच. घराजवळ झाडच नसेल तर सगळ्या पन्हळीला जाळी लावून पैसे घालवू नका, पाईपच्या तोंडाला जाळीची उभी टोपी बसवा, बस्स.

स्पंजचा पट्टा पन्हळीत दाबून बसवायचा प्रकार अजिबात घेऊ नका. तो चिखल धरून ठेवतो, ओला राहतो, त्यात पक्ष्यांच्या विष्ठेतनं पिंपळाचं बी पडलं की रोप आलंच म्हणून समजा, आणि पिंपळाचं मूळ पन्हळीचा जॉइंट फोडतं. ब्रशवाला प्रकार बरा, पण पाला ब्रशमध्ये अडकतो आणि तो हातानं ओढून काढत बसावं लागतं. प्लास्टिकची जाळी आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तुटते, भाड्याचं घर असेल तरच. आणि वरनं गोल वाकवलेला बंद पत्रा, ज्याच्या कडेनं पाणी चिकटून आत वळतं म्हणतात, तो हळू पावसाला ठीक, वळवाच्या सरीला पाणी वळत नाही, थेट अंगणात.

पाणी किती येतं याचा एकदा हिशोब करा. एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. छपराची एक बाजू ३० बाय १५ फूट असेल तर साधारण ४२ चौरस मीटर, तासाला ५० मिमीची सर आली तर २१०० लिटर, म्हणजे मिनिटाला ३५ लिटर त्या एका पन्हळीत. जाळी एवढं पाणी गिळणारी पाहिजे. कोल्हापूर शहरात वर्षाला १००० मिमीच्या आसपास पडतो, गगनबावड्याला ५००० च्या वर, त्यामुळं तिकडचं घर असेल तर पन्हळच सहाची आठ इंची करा आणि जाळी मोठ्या भोकांचीच.

बसवताना बघायच्या गोष्टी. जाळी सपाट नको, बाहेरच्या बाजूला थोडी उतरती पाहिजे म्हणजे वाळलेला पाला वाऱ्यानं उडून पडतो. कौलाखाली सारायचा प्रयत्न करू नका, कौल उचललं की शेजारचं हलतं आणि मग गळती सुरू, जाळी पन्हळीच्या दोन्ही काठांनाच धरायची. रिव्हेट मारून कायमची बंद करू नका, तीन-तीन फुटांचे तुकडे करून क्लिपनं किंवा स्क्रूनं बसवा, म्हणजे एकेक काढून धुता येतो. आणि जाळी लावायच्या आधी पन्हळीचा उतार तपासा, दहा फुटाला निदान अर्धा इंच, नाहीतर जाळीखाली पाणी साचून राहतं आणि डेंग्यूच्या डासांना तेवढं साचलेलं पाणी पुरतं.

काम झालं की पैसे द्यायच्या आधी छपरावर नळाचा पाईप सोडा, पाच मिनिटं, आणि खाली उभं राहून भिंत बघा. एक नळ म्हणजे पाऊस नव्हे, पण उलटा उतार असेल तर लगेच कळतं.

साफसफाई चुकत नाही, कुठलीही जाळी लावा. आम्ही वर्षातनं दोनदा करतो, एकदा गळीत हंगाम संपल्यावर मृगाच्या आधी, एकदा दसऱ्याच्या सुमाराला. नारळाच्या काथ्यानं घासायचं आणि वरनं पाणी मारायचं, तारेचा ब्रश नको. पावसाचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्या, राख त्यातच निघते. शिडी धरायला खाली माणूस पाहिजेच, आणि ओल्या कौलावर पाय ठेवायचा नाही, शेवाळावरनं पाय कधी सटकतो कळत नाही.