शेतकरी उत्पादक कंपनी काढायची तर हे पाहून ठेवा

राजेहो, तूर-कापसासाठी कंपनी काढाची तर किमान १० शेतकरी सभासद अन् ५ डायरेक्टर लागते, प्रत्येकाचा सातबारा, पॅन, आधार घ्या अन् अर्ज भराच्या आधी नावं अक्षर न अक्षर जुळवा, आपल्याकडं आधारवर बापाचं नाव असते अन् पॅनवर नसते, तिथंच काम अडकते. ऑफिससाठी घरमालकाचं संमतीपत्र अन् लाईट बिल, तेबी दोन महिन्यांच्या आतलं. मग डिजिटल सही काढून एमसीए पोर्टलवर (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाची वेबसाइट) स्पाइस प्लस, म्हणजे कंपनी नोंदणीचा फॉर्म भरा.

सर्टिफिकेट हातात आलं की खरं काम सुरू होते भाऊ, पेढे वाटून मोकळं होऊ नका! ३० दिवसांत ऑडिटर नेमा, ९० दिवसांत पहिली सर्वसाधारण सभा, शेअरचे पैसे बँकेत जमा करून १८० दिवसांत आयएनसी-२०ए (धंदा सुरू करतो असं जाहीर कराचा फॉर्म) भरा, त्याशिवाय धंदा सुरू करता येत नाही. पुढं दर तीन महिन्याले संचालकांची बैठक अन् वर्षाले एओसी-४ (हिशोबाचा फॉर्म), एमजीटी-७ (कंपनीच्या वार्षिक माहितीचा फॉर्म). धंदा शून्य असला तरी भराच लागते, इन्कम टॅक्स रिटर्नबी, कारण उशीर झाला तर या दोन फॉर्मले प्रत्येकी दिवसाले १०० रुपये लागते. तीन वर्षं लागोपाठ नाही भरलं तर डायरेक्टर ५ वर्षं बाद. म्हणून सीएची फी पहिल्याच सभेत ठरवून घ्या.