विशीतच हेअर ट्रान्सप्लांट करताय? या चुका टाळा

म्हापशातल्या माझ्या सलूनमध्ये विशीतली पोरं खुर्चीत बसतात, मोबाईलवरचा फोटो पुढे करतात आणि विचारतात, "काका, करून टाकू का?" कपाळाचे दोन कोपरे जरा मागे गेलेले असतात, एवढंच. पण क्लिनिकशी बोलणी झालेली असतात, हप्तेही ठरलेले असतात.

सगळ्यात महागात पडते ती ही घाई. या शस्त्रक्रियेत नवे केस तयार होत नाहीत. मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यातली मुळं काढून पुढे लावतात, कारण तिथल्या मुळांवर टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या हार्मोनचा सहसा परिणाम होत नाही. काढलेलं मूळ मागे पुन्हा उगवत नाही. साठा जन्मभराला तेवढाच. आणि गळती कुठवर जाणार हे विशीत कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. लावलेले केस टिकतात, त्यांच्या मागचे मूळचे मात्र जात राहतात.

डिचोलीकडचा एक मुलगा 22व्या वर्षी, बहिणीच्या लग्नाआधी करून आला. शाळकरी पोराला शोभेल अशी खाली उतरलेली सरळ रेषा त्याने मागितली आणि क्लिनिकने ती आखून दिली. वर्षभर खूश होता. गळती रोखणारी गोळी लिहून दिली होती, ती 'केस आले की' म्हणून बंद केली. पुढच्या तीन-चार वर्षांत पुढे दाट पट्टी, तिच्यामागे उघडी कातडी आणि टाळूवर विरळ केस, असं डोकं झालं. "सगळंच काढा, काका," म्हणाला. मागे एक नंबरचं मशीन फिरवलं तर कानापासून कानापर्यंत पांढरे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे काढलेलं एक मूळ. बारीक केस ठेवून मोकळं व्हायची वाटही बंद झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मागे काढण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तो गप्प बसून होता, आणि मला काय बोलावं सुचेना.

म्हणून मी पोरांना सांगतो, पंचविशी उलटू द्या आणि तोवर फोटो काढा. माझ्याकडे खिडकीजवळची खुर्ची त्यासाठीच आहे: सकाळचा उजेड, केस कोरडे, समोरून, दोन्ही कोपरे आणि टाळू. दर तीन महिन्यांनी, निदान वर्षभर. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोंत कळतो. नुसतं मामाचं डोकं बघून निश्चिंत होऊ नका. वडील, काका, दोन्हीकडचे आजोबा, सगळ्यांचं बघा.

औषध डावलून थेट शस्त्रक्रियेकडे धावणं हीसुद्धा घाईच. मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात, आणि पोरं तिथेच बाटली टाकून देतात. फिनास्टेराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी पुरुषांच्या टकलासाठी अमेरिकेत 1997 साली मंजूर झाली. तिचा गुण कळायला सहा महिने ते वर्ष लागतं. काहींना लैंगिक तक्रारी किंवा उदासपणा जाणवतो, त्यामुळे मित्राच्या सांगण्यावरून ती घ्यायची नाही. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, त्वचारोग ओपीडीत आधी दाखवा. गोळी चालू असताना आणि सोडल्यावर महिनाभर रक्तदान नको, आणि तुटलेल्या गोळीला गरोदर बाईचा हात लागू देऊ नका.

पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात. ही गळती बहुधा आपोआप थांबते. तिच्यासाठी कोणी ट्रान्सप्लांट सुचवलं तर तिथून उठा.

काही पोरं बोअरच्या पाण्याला दोष देतात, पण त्यामुळे कोपरे मागे जात नाहीत.

पोरं एका ग्राफ्टचा, म्हणजे काढून लावायच्या एका मुळाचा, दर विचारतात, सर्जनची पदवी विचारत नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच सांगितलंय की व्हिडिओ किंवा कार्यशाळा बघून कोणी हे काम करण्यास पात्र ठरत नाही. प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन हवा. चीर कोण देणार, भूल कोण देणार, डॉक्टर पूर्ण वेळ हजर असणार का, हे तोंडावर विचारा. उत्तर टाळलं तर पैसे भरू नका.

आणि लग्नाच्या किंवा चतुर्थीच्या तोंडावर करू नका. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात, पण मुळं राहतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून त्यांतून नवे येऊ लागतात आणि खरं चित्र वर्षभराने दिसतं. सुरुवातीला डॉक्टर हो म्हणेपर्यंत समुद्रात उतरायचं नाही आणि हेल्मेटही घालायचं नाही. तेवढे दिवस स्कूटर घरी ठेवा, बसने जा.