ब्रँडचं डोमेन दुसऱ्यानेच घेतलंय? आधी हे करा, मग वकिलाकडे जा

इंदूरात आपल्या लोकांचे मसाले, लाडू, केटरिंगचे छोटे धंदे आता ऑनलाइन आलेत आणि त्यासोबत ही नवीन कटकट पण आलीये, की आपल्याच नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणी भलताच घेऊन बसलेला असतो. पहिला मोह काय होतो, फोन करून चार शिव्या हासडायच्या नाहीतर "कितीला देतोस बोल" म्हणायचं. दोन्ही नका करू. भाव त्याला बोलू द्या, तेही मेलवर. स्वतःहून मेल करून डोमेन घ्यायच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त पैसे मागितले ना, तर तोच मेल पुढे त्याच्या वाईट हेतूचा पुरावा म्हणून कामी येतो.

आधी हूइजवर, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या ऑनलाइन सर्चवर, डोमेन टाकून बघा. मालकाचं नाव बहुतेक लपवलेलं असतं, पण रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) कोण आणि डोमेन कधी घेतलं ते कळतं. तारीख नीट बघा, तुमचा धंदाच 2021 चा आणि डोमेन 2015 चं असेल तर त्याने तुमचं नाव बघून घेतलं हे कसं सिद्ध करणार? आणि कितीदा तर चोर घरातलाच निघतो, म्हणजे आपला वेबसाइटवाला, त्याने स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतलेलं असतं आणि पेमेंटवरून वाजलं की पासवर्ड देत नाही. हे भांडण व्यवहाराचं, तिथे बिलं आणि चॅट काढून नोटीस द्यायची, खाली सांगतोय तो रस्ता सहसा चालत नाही.

आता समजा रामबागेतल्या एका काकूंचा गोडा मसाला आहे आणि नकली साइटवर त्यांच्याच पाकिटाचा फोटो, तोच लाल लेबल, खाली क्यूआर कोड. साइट बंद व्हायच्या आत पूर्ण पत्ता आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, गिऱ्हाइकांचे "माल आला नाही" वाले मेसेज जपा. कोर्टात याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, म्हणून मूळ फाइल आणि मोबाइल सांभाळा. पैसे गेले असतील तर गिऱ्हाइकाला लगेच 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांगा, त्यात वकिलाची वाट बघू नका.

मग रस्ता निवडायचा. डॉट इन असेल तर निक्सीकडे, म्हणजे डॉट इन सांभाळणाऱ्या संस्थेकडे, आयएनडीआरपीची (डॉट इनच्या वादांच्या नियमांखाली) तक्रार, तिथे आर्बिट्रेटर म्हणजे लवाद निकाल देतो. डॉट कॉमला यूडीआरपी, म्हणजे तसेच आंतरराष्ट्रीय नियम, वायपो या जागतिक संस्थेकडे एका पॅनेलिस्टची (निकाल देणाऱ्याची) फी 1,500 डॉलर, छोट्या दुकानाला जडच आहे हो. दोन्हीकडे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव तुमच्या मार्कसारखं (ब्रँडच्या नावासारखं) आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि हेतू वाईट. फरक इतकाच की यूडीआरपीत घेताना पण आणि वापरताना पण हेतू वाईट होता हे लागतं, डॉट इनला दोनातलं एक पुरतं. नुकसानभरपाई मात्र यूडीआरपीत मिळत नाही, डोमेन मिळतं किंवा रद्द होतं, बस. पैसे किंवा तातडीची मनाई हवी तर कोर्ट.

ट्रेडमार्क रजिस्टर्ड नसला तरी केस होते, सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये डोमेनला पासिंग ऑफचं, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचं, संरक्षण दिलंय, पण मग जुनी बिलं, जीएसटी, जाहिराती सगळं उकरून काढावं लागतं. रजिस्टर्ड मार्क असला तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 134 मुळे समोरचा कुठलाही असो, दावा इंदूरातच लावता येतो. माझ्या मते एवढ्यासाठीच रजिस्ट्रेशन करून टाकावं. टीएम-ए हा अर्जाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, उद्यम सर्टिफिकेट (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) असेल तर एका क्लासला, म्हणजे मालाच्या एका गटाला, 4,500 रुपये, नाहीतर कंपनीला 9,000. आपल्या मध्य प्रदेशचं काम मुंबई ऑफिसकडे आहे, जायची गरज नाही. मसाल्याला क्लास 30. रजिस्ट्रेशन होईपर्यंत नावापुढे टीएम लिहा, गोलातला आर लावू नका, तो गुन्हा आहे.

नाव निवडताना "इंदुरी मसाले" असलं काही घेऊ नका, शहराचं आणि मालाचं नाव एकट्याला सहसा मिळत नाही. आडनावापेक्षा बनवलेलं नाव बरं. ते ठरलं की डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही त्याच दिवशी घ्या, स्वतःच्या ईमेलवर, ऑटो रिन्यूअल चालू करून.