हप्ते संपले, आता घराचं काम काढताय? या चुका टाळा

शेवटचा हप्ता गेला की माणसाला घरातल्या भिंती दिसायला लागतात. मग मला फोन येतो. "भाऊ, पुढच्या आठवड्यात कलर काढायचाय, किती घ्याल?" नाशकात मी रंगकाम आणि किरकोळ दुरुस्त्यांची कामं घेतो, सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड या पट्ट्यात जास्त. कर्ज फिटलेल्या घरांमध्ये दर वेळी क्रम तोच असतो: दिसणारं आधी, दुखणारं नंतर. मला कंटाळा आलाय तेच तेच सांगून. आणि अशा घरात एकच काम दोनदा करायला पैसे नसतात, म्हणून लिहून ठेवतो.

ओल्या भिंतीवर रंग मारणे

पोपडे सुटले की लोक रंगाच्या दुकानात जातात. जायला हवं गच्चीवर. पाणी येतं कुठून, तर गच्चीचा कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातून, वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपच्या कडेने, खिडकीवरच्या सज्जातून, नाहीतर भिंतीत गाडलेल्या जुन्या लोखंडी पाइपातून. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून मारतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी तपासायची. एवढं बघायला कारागीरही लागत नाही, जिना चढायची तयारी लागते.

सिडकोतलं एक रो-हाउस सांगतो. काकांच्या आजारपणात काढलेलं कर्ज नुकतंच फिटलं होतं आणि काकूंना गणपतीच्या आत हॉल चकाचक हवा होता. ऑगस्ट महिना, गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला पूर, आणि नाशिककर ज्यावरून पूर मोजतात त्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर तळवा ओला. मी म्हटलं, काकू, रंग नंतर बघू, आत्ता मला फक्त गच्ची दाखवा. काकूंना राग आला. पाहुणे येणार, आणि हा माणूस काम असून नको म्हणतोय! त्यांनी दुसऱ्याला बोलावलं. त्याने चार दिवसांत पुट्टी, प्राइमर आणि वर ओल अडवतो म्हणून विकला जाणारा महागडा रंग मारून दिला. मी आरतीला गेलो होतो, भिंत खरंच देखणी दिसत होती.

घट बसले तेव्हा त्या भिंतीला फुगे आले. फुगा दाबला की पाणी. भिंतीतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट दिली नाही तर ते रंगाचा थर उचलूनच बाहेर येतं. पुट्टीचं पीठ होऊन सोफ्यामागे पडलं, कोपऱ्यात काळी बुरशी धरली. दिवाळीनंतर मला परत बोलावणं आलं. या वेळी काकू स्वतःच मला गच्चीवर घेऊन गेल्या. कठड्याच्या मुळाशी बोट जाईल अशी भेग होती आणि पावसाचं पाणी उतरायच्या पाइपाच्या तोंडात पिंपळाचं रोप. रोप मुळासकट काढलं, भेग इंग्रजी व्हीसारखी फोडून पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरली, कोपऱ्याला वाटा दिला, म्हणजे पाणी तिथे थांबू नये असा गोलसर उतार. या सगळ्याचा खर्च त्या रंगाच्या बिलापुढे किरकोळ होता. मग भिंत खरवडून उन्हाळा लागेपर्यंत तशीच उघडी ठेवली. हॉलमध्ये नुसतं प्लास्टर बघून पाहुणे काय म्हणाले ते मला माहीत नाही, पण पुढचा पावसाळा त्या भिंतीने कोरडा काढला.

माझी सवय सांगतो. फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावायचा आणि एक-दोन दिवस विसरून जायचं. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल आतून येतेय. खोलीकडच्या बाजूला धरले तर ती स्वयंपाकाची, ओल्या कपड्यांची वाफ आहे. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, सुटलात. वरच्या बाथरूमवर संशय असेल तर ट्रॅपला बोळा लावून दोन बोटं पाणी भरायचं आणि २४ तास खालचं छत बघत राहायचं. ज्यांना यासाठीही थांबवत नाही, त्यांच्याकडे मी काम घेत नाही.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या एकाच विषयावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. अशा घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा यांचा धोका जास्त, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आणि मी घरोघरी बघतो काय, तर पोराचा खोकला जात नाही म्हणून औषधांवर औषधं, आणि पोराचा पलंग त्याच काळ्या भिंतीला टेकलेला. पलंग हातभर पुढे ओढायला पैसे पडत नाहीत. बुरशीवर थेट रंग मारू नका, आधी नाकाला फडकं बांधून ब्लीचच्या पाण्याने घासा, खिडक्या उघड्या ठेवून. त्यात दुसरं कुठलंही क्लिनर मिसळायचं नाही.

मोकळा झालेला हप्ता लगेच दुसरीकडे अडकवणे

दुसरं माझं डोकं फिरवणारं प्रकरण. आठ हजारांचा हप्ता बंद झाला की पुढच्याच महिन्यात साडेसात हजारांच्या हप्त्यावर मॉड्युलर किचन येतं. "पाचशे रुपये तरी वाचले की" असंही वर ऐकवतात! पाथर्डी फाट्याजवळच्या एका घरी मी ओट्यामागच्या भिंतीचं काम करत होतो. पाइप गळत होता, तो उघडायला ट्रॉल्या काढाव्या लागणार होत्या, आणि ट्रॉल्यांचे हप्ते अजून चालू होते. खालचं प्लायवूड फुगून दार बंद होत नव्हतं. नळाचं काम आधी, ट्रॉल्या नंतर, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

'विनाव्याज हप्ते' यावर फार विसंबू नका. बऱ्याचदा रोख घेतल्यावर मिळणारी सूटच तुम्ही सोडलेली असते, तेच व्याज. शिवाय प्रोसेसिंग फी लागते, आणि क्रेडिट कार्डावर असेल तर बँक दाखवते त्या व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं सगळं.

मी लोकांना एकच करायला लावतो. त्याच तारखेला, तेवढीच रक्कम, स्वतःच्या वेगळ्या खात्यात. तीन हप्त्यांएवढी गोळा झाली की मग मला फोन करा. हे कोणी ऐकत नाही, पण जे ऐकतात त्यांच्याकडे काम अर्धवट थांबत नाही. पैसे कुठे ठेवताय तेही बघा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, गल्लीतल्या पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून तिकडे धावणाऱ्यांना हे माहीतच नसतं.

हप्ता संपला म्हणजे कागद संपले असं समजणे

माझा विषय नाही, पण कपाटं हलवताना हे कागद माझ्याच हातात येतात, म्हणून सांगतो. बँकेकडून नादेय दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र, आणि तारणाला दिलेले कोरे चेक परत घ्या. घराची मूळ कागदपत्रं पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत परत द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. गाडी असेल तर फॉर्म ३५ भरून आरसीवरचा बोजा उतरवा. सिबिलचा, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात कर्ज 'क्लोज्ड' लिहिलंय की 'सेटल्ड' तेवढं बघा. तडजोड करून कमी पैशांत मिटवलं असेल तर 'सेटल्ड' लागतं आणि पुढच्या कर्जाला तेच आडवं येतं.

बाकीच्या चुका एका दमात.

बुटक्या खोलीत पीओपीचं फॉल्स सीलिंग: गळती झाकली जाते, थांबत नाही.

नळ प्लास्टिकचा स्वस्त घेऊन दर वर्षी बदलणे. पितळी घ्या, वायसर बदलत राहा.

गॅसची नारिंगी नळी पाच वर्षं उलटली तरी तशीच. सोफ्याच्या कव्हरपेक्षा ती आधी बदला. तसंच मीटरच्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या. गीझर असलेल्या घरात मी याशिवाय बाथरूमच्या कामाला हात लावत नाही.

जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, तिशीच्या आसपास. दिवसाला १२ तास फिरणारा एक बदलला तर महिन्याला १५ युनिटच्या जवळपास वाचतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या वर दर चढतो, तिथे हे जाणवतं. पण सगळे पंखे एकदम नकोत. ज्याच्याखाली झोपता तो आधी.

'आता तब्येतीकडे बघायचं' म्हणून वर्षाची जिमची फी एकरकमी भरणे. गोल्फ क्लबच्या मैदानावर आधी महिनाभर सकाळी चालून दाखवा, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. टिकलात तर जिम. टीव्ही मोठा घ्यायचा विचार असेल तर त्याआधी सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. १८४० पासूनची संस्था आहे, आपल्या शहरातली. झोप येत नसेल तर गादी उन्हात घाला, पडदा गडद लावा. महागड्या गादीच्या जाहिराती मग वाचा.

आणि काम झाल्यावर उरलेला रंग गवंड्याला देऊन टाकू नका. झाकण घट्ट ठोकून डबा सावलीत ठेवा, वर शेडचा नंबर, खोलीचं नाव आणि तारीख मार्करने लिहा. दोन वर्षांनी खिळा काढल्यावर पडलेलं भोक बुजवायला तेवढा पुरतो. नंबर नसला की दुकानदार "साधारण असाच" म्हणून जो देतो, तो कधीच तसा नसतो.