जुन्या फोटोंवरून डोंगरी गावाचा इतिहास कसा जुळवावा

कोयना खोऱ्यातील एखाद्या वाडीचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला पहिली अडचण येते ती अशी की, गावाचे जुने फोटो गावात फारसे नसतातच. पाटण तालुक्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेली आणि फोटो स्टुडिओही तिकडेच होते. त्यामुळे बरेच फोटो लालबाग-परळच्या खोल्यांतील ट्रंकांत पडून असतात. म्हणून कामाची सुरुवात ग्रामदैवताच्या जत्रेपासून करावी आणि येताना फोटो घेऊन येण्याचा निरोप मुंबईकरांना महिनाभर आधी पाठवावा.

मूळ फोटो मागून घरी नेऊ नये. पडवीत, सावलीत टेबल मांडून मालकाच्या डोळ्यांसमोर प्रत काढावी. स्कॅनर असल्यास ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरेसे होते. नसल्यास मोबाइल फोटोच्या बरोबर वर, सपाट धरावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, तो फ्रेमसकटच टिपावा. फोटोच्या पाठीचीही प्रत घ्यावी, कारण स्टुडिओचा शिक्का तिथेच सापडतो.

काळ ठरवताना माणसांकडे नंतर पाहावे, आधी त्यांच्या मागे काय आहे ते पाहावे. शाळेच्या पाटीवर ‘जिल्हा परिषद’ असे असेल, तर तो फोटो मे १९६२ च्या आधीचा असू शकत नाही, कारण जिल्हा परिषदा त्या वेळी अस्तित्वात आल्या. ‘उत्तर सातारा’ हे आजच्या सातारा जिल्ह्याचे नाव १९४९ ते १९६० एवढ्याच काळातले. मात्र अशी पाटी पुढे कित्येक वर्षे तशीच टांगलेली राहू शकते, त्यामुळे तिच्यावरून पाटी कधी रंगवली एवढेच कळते, फोटो कधी काढला ते कळत नाही. मोटारीच्या क्रमांकाच्या सुरुवातीला ‘एमएच’ आणि त्याला लागून दोन आकडे असतील, तर फोटो १९८९ किंवा त्यानंतरचा समजावा.

या खोऱ्यात मात्र सर्वांत मोठी खूण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाची आहे. दगडमातीच्या भिंती कोसळल्या, पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, आणि वर्षाचा आकडा न आठवणारी म्हातारी माणसेसुद्धा ‘भूकंपाच्या आधी’ किंवा ‘नंतर’ हे चटकन सांगतात. म्हणून एकाच जागेचे दोन्ही काळांतले फोटो शोधावेत. देवळाच्या जोत्याचा एखादा मोठा दगड किंवा पाठीमागच्या डोंगराची धार दोन्ही फोटोंत जुळली, की घर कुठे होते आणि छपरावर गवत होते, कौल होते की पत्रा होता, हे नकाशावर मांडता येते. कोयना धरणाच्या वरच्या अंगाला, त्याच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली गेलेल्या वस्त्यांसाठी ही डोंगराची धारच काय ती उरलेली खूण असते.

स्टुडिओतील फोटोंबाबत सावध राहावे. पडद्यावरचा बंगला रंगवलेला असतो, खुर्ची स्टुडिओची असते आणि मनगटावरचे घड्याळही बहुधा तिथलेच असते; त्यावरून घरची सुबत्ता ठरवू नये. भिंतीवरचा हार घातलेला फोटो तर अनेकदा एखाद्या समूहचित्रातून चेहरा उचलून, वर टोपी आणि कोट रंगवून तयार केलेला असतो. मूळ समूहचित्र मिळाले, तर इतिहासाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे.

माणसे ओळखण्याच्या कामात आज्यांचा उपयोग सर्वांत जास्त होतो. ‘हा कोण?’ असे एकदम विचारू नये. ‘हे कुणाचे अंगण?’, ‘हे लुगडे कुणाच्या लग्नातले?’ असे विचारावे, म्हणजे नावे आपोआप निघतात. बायकांची ओळख ‘अमक्याची आई’ एवढ्यावरच थांबू देऊ नये. त्यांचे स्वतःचे नाव आणि माहेरचे गाव आवर्जून विचारून घ्यावे, कारण कागदपत्रांत ते क्वचितच सापडते. प्रत्येक उत्तरापुढे सांगणाऱ्याचे नाव व तारीख लिहावी.

पुढच्या जत्रेला मोठ्या प्रती क्रमांक घालून सभामंडपात लावाव्यात, प्रत्येकीखाली कोरा कागद चिकटवावा आणि शेजारी दोरीने पेन्सिल बांधून ठेवावी. मतभेद झाल्यास दोन्ही नावे राहू द्यावीत, खाडाखोड करू नये. आमच्याकडे भातलावणीच्या एका फोटोत इरले घेऊन वाकलेल्या बाईखाली सध्या तीन नावे आहेत, आणि तिन्ही घरांनी त्या फोटोची प्रत मागून नेली आहे.